चॉकलेट अगरची प्लेट मोडीत काढू नका

आमच्या मायक्रोबायॉलॉजी विभागात काचेची एक बरणी होती. लोणच्याच्या बरणीसारखीच, रुंद तोंडाची, झाकणाच्या कडेला व्हॅसलीन फासलेली. गुप्तरोगाच्या ओपीडीतून स्वॅब यायचे. ते चॉकलेट अगरच्या (तापवलेलं रक्त घातलेल्या पोषक माध्यमाच्या) प्लेटांवर लावून झाले की आमचे लॅब अटेंडंट मामा त्या प्लेटा बरणीत उपड्या रचायचे, वर एक पेटती पांढरी मेणबत्ती ठेवायचे आणि झाकण गच्च बसवायचे. ज्योत थोडा वेळ तग धरायची, मग बारीक व्हायची, निळसर पडायची आणि विझायची. ती विझली की मामा मान हलवून चहाला जायचे. मेणबत्ती विझली म्हणजे बरणीतला कार्बन डायऑक्साइड तीन टक्क्यांच्या आसपास पोचला, आणि गोनोकॉकसला वाढायला तेवढा तरी लागतोच. रंगीत, वासाची मेणबत्ती चालत नाही. एकदा एका नव्या पोरानं वाढदिवसाची उरलेली गुलाबी मेणबत्ती लावली होती. मामांनी त्याला जे सुनावलं ते छापण्याजोगं नाही.

ती बरणी गेली काही वर्षं अडगळीच्या खोलीत आहे. तिला बाहेर काढा, एवढं सांगण्यासाठी हा लेख.

परमा, म्हणजे या गोनोकॉकसमुळे होणारा गुप्तरोग, हा शब्द तुम्ही ऐकलेला असतो, मोठ्यानं उच्चारलेला नसतो. ‘गरमी-परमा’ अशी जोडी लोकलच्या डब्यात आणि मुतारीच्या भिंतीवर चिकटवलेल्या जाहिरातींत भेटते, हमखास इलाजाच्या हमीसकट. र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ 1927 साली सुरू केलं आणि 1953पर्यंत चालवलं, ते असले विषय उजेडात यावेत म्हणूनच. त्याला शंभर वर्षं होत आली, तरी रोग्याची चाल तीच आहे: आधी केमिस्ट, मग जाहिरातवाला, आणि लघवीला बसणं अगदी अशक्य झालं की डॉक्टर. या लपंडावात जंतूला कच्च्यापक्क्या डोसांची चव मिळत राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 साली जगात 15 ते 49 वयोगटातल्या 8 कोटी 24 लाख लोकांना परम्याची नव्यानं लागण झाली. हा काही कोपऱ्यातला आजार नव्हे.

आल्बर्ट नायसरनं 1879मध्ये हा जंतू पाहिला. पुवाच्या पेशीत, राजम्याच्या दोन दाण्यांनी एकमेकांकडे पोट करून बसावं तशा जोड्या. त्यानंतरचा इतिहास म्हणजे औषधं वापरून संपवण्याचा इतिहास. सल्फा आली, गेली. पेनिसिलिन आलं आणि टिकावं म्हणून डोस वाढत गेला. 1970च्या दशकात अमेरिकेत तो 48 लाख युनिटांवर पोचला होता, एका कुल्ल्यावर मावेना म्हणून दोन्हीकडे टोचायचा. 1976 साली पेनिसिलिन फोडून टाकणारा गोनोकॉकस सापडला आणि तो खेळ आटोपला. मग टेट्रासायक्लिन, मग सिप्रोफ्लॉक्सॅसिन, मग सेफिक्झिम. आता उरलंय सेफ्ट्रियाक्सोनचं इंजेक्शन. त्याचा अमेरिकेतला डोस बघा: आधी 125 मिलिग्रॅम, 2010मध्ये 250, 2020मध्ये 500. ब्रिटनमध्ये एक ग्रॅम. पेनिसिलिनची चढण ज्यांनी वाचली आहे त्यांना ही वाट ओळखीची वाटेल.

हे शेवटचं औषध कधी आणि कुठे हरायला लागलंय, हे कळणार कसं? भांडण इथं आहे.

पाच-सहा वर्षांपूर्वी आमच्याकडे खरेदी समितीची बैठक होती. चॉकलेट अगरसाठीचं रक्त, थायर-मार्टिन माध्यमातली अँटिबायोटिक्स, ई-टेस्टच्या पट्ट्या, अशी माझी यादी. समोरच्या गृहस्थांनी शांतपणे विचारलं, “मॅडम, गेल्या वर्षी गोनोकॉकस वाढले किती?” आकडा इतका लहान होता की मी तो हळू आवाजात सांगितला. “मग पीसीआर आहे ना!” असं म्हणून त्यांनी माझ्या यादीवर आडवी रेघ मारली. त्यांच्या जागी मी असते तर कदाचित मीही मारली असती, कारण पीसीआर खरंच उत्तम आहे. जंतूचा डीएनए शोधणाऱ्या या चाचण्या दीड तासात उत्तर देतात. लघवीचा नमुना पुरतो. वाटेत जंतू मेला तरी बिघडत नाही. बायकांमध्ये आणि घशात, जिथे कल्चर (प्लेटवर जंतू वाढवणं) हमखास दगा देतं, तिथे त्या लपलेला आजार पकडतात. निदानाच्या शर्यतीत प्लेट हरली, हे मला मान्य आहे.

पण ‘परमा आहे का’ हा एक प्रश्न झाला. ‘कोणत्या औषधानं बरा होईल’ हा दुसरा. या दुसऱ्या प्रश्नाला पीसीआरसारख्या आण्विक चाचण्या कितपत पुरतात, हे एकेका औषधाच्या बाबतीत तपासून बघावं लागतं.

टीबीमुळे आपल्याकडे एक समजूत घट्ट बसली आहे. सीबीनॅट मशीन जिल्ह्याजिल्ह्यात पोचलं, थुंकी घातली की टीबी आहे की नाही आणि रिफॅम्पिसिन चालेल की नाही, दोन्ही एकदम कळतं. टीबीत हे जमतं, कारण रिफॅम्पिसिनचा बहुतेक सगळा प्रतिकार एकाच जनुकाच्या एका छोट्या तुकड्यात एकवटलेला आहे. गोनोकॉकसचं तसं नाही. तो दुसऱ्याच्या घरातल्या वस्तू उचलून आणणारा जंतू. आजूबाजूला सापडलेला डीएनए सरळ गिळतो आणि आपल्यात शिवून टाकतो.

सिप्रोफ्लॉक्सॅसिनपासून सुरुवात करू, कारण तिथे आण्विक चाचणी सगळ्यांत चोख उतरते. जायर-ए नावाच्या जनुकात 91 क्रमांकाच्या जागी सेरीन हे मूळचं अमिनो आम्ल शाबूत असेल तर सिप्रो जवळजवळ नक्की लागू पडतं. तिथे फेनिलअॅलनिन आलं असेल तर औषध गेलं. एक जागा, एक उत्तर. या आधारावर अमेरिकेत रुग्णांना सिप्रोची एकच गोळी देऊन बरं केल्याचा अभ्यास आहे, आणि ब्रिटिश मार्गदर्शक तत्त्वंही जंतू संवेदनशील असल्याचं ठाऊक असेल तर सिप्रो द्यायला मुभा देतात. अमेरिकेत 2019च्या सुमारास साधारण एक-तृतीयांश गोनोकॉकस सिप्रोला दाद देत नव्हते, म्हणजे दोन-तृतीयांश रुग्णांमध्ये ही चाचणी सेफ्ट्रियाक्सोनचं एक इंजेक्शन वाचवू शकते. फार मोलाची गोष्ट.

आता तीच चाचणी भारतात आणा. आपल्याकडच्या अनेक अहवालांत सिप्रोला प्रतिकार करणाऱ्या गोनोकॉकसचं प्रमाण 90 टक्क्यांच्या वर आहे. दहा रुग्णांची चाचणी करायची, नऊ वेळा ‘चालणार नाही’ हे माहीत असलेलंच उत्तर विकत घ्यायचं. तिकडे जी चाचणी औषध वाचवते, ती इकडे निव्वळ खर्च वाढवते. म्हणून कंपनीचा माणूस चकचकीत माहितीपत्रक घेऊन येतो तेव्हा ‘चाचणी किती अचूक’ याच्या आधी ‘कुठल्या गावच्या जंतूवर’ हे विचारायला हवं. आणि आपल्या गावचा जंतू कसा आहे हे आपल्याला कळलं ते प्लेटांमुळेच.

अॅझिथ्रोमायसिनचं गणित जास्त किचकट. 23एस आरएनएच्या जनुकातले दोन ठरावीक बदल चाचण्या शोधतात. पण या जनुकाच्या गोनोकॉकसमध्ये चार प्रती असतात, आणि चारांतल्या किती बिघडल्या यावर प्रतिकाराची ताकद ठरते. शिवाय पेशीतून औषध उपसून बाहेर फेकणारा एक पंप असतो. त्याचे काही भाग गोनोकॉकसच्याच नायसेरिया कुळातल्या भाऊबंदांकडून उसने घेतलेले असले, तर 23एस ठीकठाक असूनही औषध कमी पडतं. दोन जागा बघणाऱ्या चाचणीला हा पंप दिसतच नाही.

आणि सेफ्ट्रियाक्सोन. सगळा जीव जिथे अडकलाय तिथेच चाचण्या सगळ्यांत लंगड्या आहेत.

2009 साली क्योटोमध्ये एका स्त्रीच्या घशातून एच041 हा वाण वाढवला गेला. सेफ्ट्रियाक्सोनला उच्च पातळीचा प्रतिकार करणारा जगातला तो पहिला. 2015मध्ये जपानमध्येच एफसी428 सापडला. एच041 फारसा पसरला नाही, हा मात्र पसरला. 2017पर्यंत कॅनडा, डेन्मार्क, ऑस्ट्रेलिया. 2018 साली ब्रिटनमधल्या एका पुरुषाला आग्नेय आशियात झालेला परमा सेफ्ट्रियाक्सोन आणि अॅझिथ्रोमायसिन दोन्हींना पुरून उरला. शेवटी शिरेतून अर्टापेनेम द्यावं लागलं. एका परम्यासाठी आयसीयूतलं औषध! एफसी428चं मर्म आहे पेन-ए जनुकाच्या 60 क्रमांकाच्या प्रकारात, आणि ते शोधणाऱ्या पीसीआर चाचण्या आता आहेत. त्या वापरायलाच हव्यात. सिप्रोच्या चाचणीपेक्षा भारतात पाळतीसाठी त्यांचा उपयोग कितीतरी जास्त आहे, असं माझं ठाम मत आहे.

पण पेन-ए हे गोधडीसारखं जनुक आहे. ठिगळावर ठिगळ. ही ठिगळं आली आपल्या घशात निरुपद्रवीपणे राहणाऱ्या नायसेरियांकडून. मग घशाच्या स्वॅबमध्ये चाचणीला असं ठिगळ दिसलं, तर ते परम्याच्या जंतूचं की शेजारी बसलेल्या सज्जनाचं? स्वॅबमध्ये सगळ्यांचाच डीएनए एकत्र असतो. दुसऱ्या बाजूनं, फ्रान्समध्ये 2010मध्ये सापडलेल्या एफ89मध्ये वेगळंच ठिगळ होतं. 60 क्रमांक शोधणारी चाचणी त्याला सोडून देईल. त्याहून चक्रावणारी गोष्ट 2020मध्ये छापून आली. काही गोनोकॉकसमध्ये पेन-ए निर्दोष, तरी सेफ्ट्रियाक्सोन नीट लागू पडेना. बिघाड निघाला आरएनए पॉलिमरेजमध्ये, जिथे कोणी बघत नव्हतं. हे सापडलं ते कोणाकडे तरी जिवंत जंतू होता, त्याच्यावर औषध घालून पाहिलेलं होतं, आणि आकडा जनुकाशी जुळत नव्हता म्हणून.

म्हणजे आण्विक चाचणी आपण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देते. प्लेटवर ई-टेस्टची पट्टी ठेवली की पट्टीभोवती थेंबाच्या आकाराचा एक मोकळा भाग दिसतो. जंतूची दाटी पट्टीला जिथे येऊन भिडते तो आकडा वाचायचा. जंतूनं कोणती युक्ती केली आहे हे पट्टीला ठाऊक नसतं, आणि तिला त्याची फिकीरही नसते. औषध घातलं, तो जगला की मेला?

फक्त चाचण्यांवर विसंबल्यावर काय होतं, ते स्वीडननं पाहिलंय. परम्याच्या बाबतीत नव्हे, त्याच्या सोबत्याच्या, क्लॅमिडियाच्या बाबतीत. 2006मध्ये हालांद परगण्यात क्लॅमिडियाचे रुग्ण अचानक कमी दिसू लागले. प्रत्यक्षात जंतूच्या प्लास्मिडमधला 377 अक्षरांचा एक तुकडा गळून पडला होता आणि दोन मोठ्या कंपन्यांच्या चाचण्या नेमका तोच तुकडा शोधत होत्या. ज्यांना आजार होता त्यांना ‘निगेटिव्ह’ची चिठ्ठी मिळाली, ते निर्धास्त घरी गेले आणि आजार वाटत राहिले. गोनोकॉकसनंही हा डाव खेळून झालाय. पोर-ए हे जनुक परम्याची खूण म्हणून अनेक चाचण्यांत वापरतात. ऑस्ट्रेलियात आणि युरोपात असे वाण सापडले ज्यांनी ते जनुकच मेनिंजायटिसच्या जंतूकडून बदलून घेतलं होतं. चाचणी कोरी. म्हणून आताच्या चांगल्या चाचण्या एकाऐवजी दोन खुणा बघतात.

आता आपल्या घरात बघू. सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये मूत्रमार्गातून पू येणाऱ्या रुग्णाला राखाडी रंगाचं किट नंबर 1 मिळतं: अॅझिथ्रोमायसिन एक ग्रॅम, सेफिक्झिम 400 मिलिग्रॅम, समोरच गिळायचं. लक्षणावरून उपचार. गावपातळीवर ही पद्धत शहाणपणाची आहे, रुग्ण परत येईलच याचा भरवसा नसतो. पण या पद्धतीत नमुना घ्यायची गरज पडत नाही, आणि गरज नाही म्हटलं की सवय मोडते. खासगीकडे वेगळी तऱ्हा. तिथे ‘एसटीआय पॅनेल’ होतं, एका नळीत सात-आठ जंतूंचा पीसीआर. त्या नळीतला द्रव पेशी फोडण्यासाठीच बनवलेला असतो. दोन दिवसांनी रुग्ण ‘डॉक्टर, फरक नाही’ म्हणत आला आणि त्याच नळीतून कल्चर करा म्हटलं तर आत सगळे मेलेले. पीसीआर पुन्हा केला तर उपचारानंतर दोन आठवडेही मेलेल्या जंतूचा डीएनए पॉझिटिव्ह येऊ शकतो. औषध हरलं की रुग्णाला नव्यानं लागण झाली, की हे नुसतं प्रेत आहे? सांगता येत नाही. मग तिसरं अँटिबायोटिक लिहिलं जातं.

जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर 2025मध्ये सांगितलं की तिच्या विशेष पाळतीत असलेल्या देशांत 2022 ते 2024 या काळात सेफ्ट्रियाक्सोनचा प्रतिकार 0.8 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आणि सेफिक्झिमचा 1.7 वरून 11 टक्क्यांवर गेला. सेफिक्झिम, म्हणजे आपल्या राखाडी किटातलं. हे आकडे ज्या पाळतीतून आले तिचा पाया कल्चर आहे: स्वॅब, प्लेट, पट्टी. दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय आपल्या भागासाठी संदर्भ प्रयोगशाळेचं काम वर्षानुवर्षं करत आलंय, पण एवढ्या मोठ्या देशाची नाडी एका मनगटावर किती दिवस बघायची? आता झोलिफ्लोडॅसिनसारखं तोंडावाटे घ्यायचं नवं औषध आलं आहे, तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत ते खरं उतरलं. त्याला हरवण्याचा मार्ग जंतू शोधेलच. तो नवा मार्ग ओळखणारी पीसीआर चाचणी कोणी बनवायची असेल तर आधी हरवणारा जंतू जिवंत हातात हवा.

तेव्हा मागणं सरळ आहे.

मेडिकल कॉलेजांमधल्या माझ्या सहकाऱ्यांनो, आठवड्यातून दोन दिवस का होईना, एक बेंच गोनोकॉकससाठी चालू ठेवा. संदर्भ वाण उणे 70 अंशांत जपा आणि दर महिन्याला वाढवून बघा, नाहीतर वाढ नाही याचा अर्थ रोग नाही की आपलं माध्यमच टाकाऊ, हे कळणार नाही. एमडीच्या पोरांना पीसीआरचा आलेख वाचायला शिकवता, तशी ऑक्सिडेजची जांभळी होत जाणारी वसाहतही एकदा स्वतःच्या हातानं करायला लावा. हे हस्तकौशल्य आहे. एक पिढी चुकली की पुस्तक वाचून परत येत नाही. वर्षाला वाढतात थोडेच, असं खरेदी समिती म्हणेल. अग्निशमन दलाचा बंब वर्षातून किती वेळा बाहेर पडतो ते त्यांना विचारा. (मला हे त्या दिवशी सुचलं नाही, जिना उतरताना सुचलं.)

त्वचारोगतज्ज्ञांनो, यूरॉलॉजिस्टांनो, गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरांनो, पू येणारा पुरुष समोर बसला असेल तर पहिली गोळी देण्याआधी दोन स्वॅब घ्या. एक पीसीआरला, एक कल्चरला. अशा रुग्णात कल्चरला यश येण्याची शक्यता चांगली असते. सगळ्यांचं करा असं मी म्हणत नाही. पण उपचार करूनही बरा न झालेला प्रत्येक रुग्ण, आणि परदेश प्रवासानंतर आलेला प्रत्येक रुग्ण, यांचं कल्चर झालंच पाहिजे. खासगी लॅबवाल्यांनो, पॅनेलच्या रिपोर्टखाली ‘गोनोकॉकस पॉझिटिव्ह: कल्चरसाठी नवा स्वॅब पाठवावा’ ही एक ओळ छापा. शाई फार लागत नाही. आणि वाढलेला जंतू फेकू नका, संदर्भ प्रयोगशाळेला पाठवा.

आपला या सगळ्याशी काही संबंध नाही असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी दोनच गोष्टी. केमिस्टकडून अॅझिथ्रो मागून घेऊ नका. आणि स्वतःवर, मित्रावर, मुलावर ही वेळ आलीच, उपचारानंतरही त्रास राहिला, तर लाज गिळून डॉक्टरांना विचारा, “कल्चर केलंय का?” तुमच्या त्या एका प्रश्नानं एखाद्या लॅबची प्लेट वाचेल.

स्वॅब पाठवताना तो फ्रिजमध्ये ठेवू नका, हे लिहायचं राहिलंच होतं. गोनोकॉकस गारठ्यानं मरतो. कोळसा घातलेल्या माध्यमात, खोलीच्या तापमानात, त्याच दिवशी.

मागच्या महिन्यात आमच्या विभागातल्या एका ज्युनिअर मुलीचा फोन आला. दोन इंजेक्शनं होऊनही बरा न झालेला रुग्ण आहे, कल्चर लावायचंय, कार्बन डायऑक्साइडचा इनक्युबेटर दुरुस्तीला गेलाय. “मॅडम, बरणी सापडली,” ती म्हणाली, “पण झाकण कुठेय?” मी सांगितलं, अडगळीच्या खोलीत, डावीकडच्या कपाटात, खालच्या कप्प्यात. मेणबत्ती मात्र पांढरी आण.